आकडा खोटा देऊ नको

सोयाबीनचं पोतं काट्यावर चढतं, मापारी आकडा ओरडतो, मुनीम तो लिहून घेतो. वाशीमच्या बाजार समितीत हे तू लहानपणापासून पाहिलं आहेस. इलेक्ट्रॉनिक काट्याच्या पोटात लोडसेल असतो, म्हणजे वजनानं किंचित वाकणारा धातूचा तुकडा. त्याच्यातून निघणारा संकेत जेमतेम काही मिलिव्होल्टचा. तो वाढवून, मोजून त्याचा चोवीस बिटांचा आकडा करणारी एक स्वस्त चिप मिळते, एचएक्स७११. तुला ड्रायव्हर लिहायला शिकायचं आहे ना, मग मावशीचं ऐक आणि याच चिपपासून सुरुवात कर. तिचा ड्रायव्हर लिनक्स कर्नेलमध्ये २०१७ पासून आहे, हजार ओळींच्या आतला आहे, आणि ड्रायव्हर कशासाठी असतो हे त्यात लख्ख दिसतं.

ही चिप दोन तारांवर बोलते. एक घड्याळाची, दुसरी माहितीची. माहितीची तार खाली आली की मोजणी तयार झाली. मग घड्याळाच्या तारेवर एकेक ठोका द्यायचा आणि प्रत्येक ठोक्याला एक बिट उचलायचा. चोवीस झाल्यावर आणखी एक, दोन किंवा तीन ठोके; त्यावरून पुढच्या मोजणीचा चॅनेल आणि गेन ठरतो. गोम पुढे आहे. घड्याळाची तार ६० मायक्रोसेकंदांहून जास्त वेळ वर राहिली तर चिप झोपी जाते. रास्पबेरी पायवर पायथॉनचा प्रोग्राम ठोका वर करतो, नेमक्या त्याच वेळी कर्नेल प्रोसेसर दुसऱ्या कामाला देतो, आणि प्रोग्रामची पाळी परत येईपर्यंत चिप झोपलेली असते. प्रोग्रामला त्याचा पत्ता नसतो. तो उरलेले बिट वाचत राहतो आणि आकडा देऊन मोकळा होतो. आकडा चूक असतो, पण दिसायला बरोबर असतो. कर्नेलमधला ड्रायव्हर ठोका वर असेल तेवढ्या क्षणापुरते इंटरप्ट बंद ठेवतो. त्या जागी कारणही लिहिलेलं आहे: मध्ये खंड पडला तर चिप रीसेट होईल आणि मोजणी खोटी ठरेल. ती टिप्पणी आधी वाच, मग बाकीची फाइल.

पुण्यात कामाला लागले तेव्हा माझ्याहून मोठ्यांनी मला जे बजावलं, तेच तुला सांगते. ड्रायव्हरनं आकडा खोटा देऊ नये. देता येत नसेल तर एरर द्यावी. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता, म्हणजे किलोमागे त्रेपन्न रुपये. पोत्यामागे किलोभर फरक पडला तर कुणाच्या तरी खिशातून तेवढे जातात, आणि वरच्या प्रोग्रामला, मुनीमाला, शेतकऱ्याला त्याची गंधवार्ता नसते. एरर आली तर निदान पोतं पुन्हा ठेवता येतं. (घरी केलेल्या काट्यावर व्यवहार करायचा नसतो, हे लक्षात ठेव. व्यापाराच्या काट्याला वैधमापन खात्याची पडताळणी आणि शिक्का लागतो. आपला काटा शिकण्यापुरता.)

म्हणून कुठलंही फंक्शन लिहिताना आधी ते कसं फसेल ते लिही. उपकरणानं वेळेत उत्तर दिलं नाही तर ईटाइमडआउट, तारेवर गडबड झाली तर ईआयओ, उपकरणच निघून गेलं तर ईनोडेव्ह. खालून आलेला कोड जसाच्या तसा वर पाठव. तो गिळून शून्य परत करणं, किंवा मागच्या वेळची किंमत पुन्हा देणं, यासारखा घात दुसरा नाही. शेतातल्या हवामान केंद्राचा आलेख सरळ रेषेत चाललेला दिसतो, सगळे खूश असतात, आणि सेन्सर कधीचाच मेलेला असतो.

आता कामाचा क्रम. नवीन उपकरण हातात आलं की लगेच कोड लिहायला बसू नको. आधी त्याचा ड्रायव्हर कर्नेलमध्ये आहे का ते शोध. बहुतेक वेळा असतो. तापमान, आर्द्रता, दाब मोजणाऱ्या नेहमीच्या चिपा आयआयओ नावाच्या उपप्रणालीत आहेत: डीएचटी११ आणि डीएचटी२२ एकाच ड्रायव्हरवर चालतात, बीएमई२८० हा बीएमपी२८०च्या ड्रायव्हरमध्येच धरलेला आहे. यूएसबीचं उपकरण असेल तर 'एलएसयूएसबी' त्याचा विक्रेता-क्रमांक आणि उत्पादन-क्रमांक दाखवतं. तो क्रमांक कर्नेलच्या सोर्समध्ये शोध. पुष्कळदा अख्खा ड्रायव्हर लिहायची गरज नसते, आहे त्या ड्रायव्हरच्या यादीत एक ओळ घातली की भागतं. २०१४ मधलं उदाहरण सांगते. एफटीडीआय कंपनीच्या विंडोज ड्रायव्हरनं नकली चिपांचा उत्पादन-क्रमांक शून्य करून टाकला आणि त्या चिपा असलेल्या केबली निकामी झाल्या. लिनक्सवाल्यांनी आपल्या यादीत तो शून्य क्रमांकही घालून टाकला. केबली पुन्हा चालू झाल्या. केवढं मोठं काम, आणि बदल किती लहान!

काट्यांच्या केबलचीच आणखी एक गोष्ट, कारण ती तुलाही भेटणार आहे. काट्याचा आकडा संगणकात घ्यायला आरएस-२३२ची तार आणि तिला यूएसबीचा कन्व्हर्टर लागतो. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त कन्व्हर्टरमध्ये बहुधा सीएच३४० चिप असते. उबुंटू २२.०४ आलं तेव्हा पुष्कळांची ही केबल लावली की दिसायची आणि लगेच नाहीशी व्हायची. लोक केबल बदलत होते, पोर्ट बदलत होते, ड्रायव्हरला शिव्या देत होते. लॉगमध्ये मात्र उत्तर स्पष्ट लिहिलेलं होतं: इंटरफेस सीएच३४१ ड्रायव्हरकडे असताना 'बीआरएलटीटीवाय' नावाच्या प्रोग्रामनं त्याच्यावर हक्क सांगितला. हा प्रोग्राम अंध व्यक्तींच्या ब्रेल पट्ट्यांसाठी आहे. काही ब्रेल पट्ट्यांमध्ये हीच चिप असते, क्रमांकही तोच, १ए८६:७५२३. त्यामुळे प्रोग्रामला प्रत्येक कन्व्हर्टर ब्रेलची पट्टी वाटायचा. त्या संगणकावर ब्रेल वापरणारं कुणी नसेल तर पॅकेज काढून टाकता येतं. असेल, तर पॅकेजला हात लावू नको, यूडेव्हच्या नियमांतली त्या क्रमांकाची ओळ तेवढी बंद कर. कुणाची तरी वाचायची सोय त्या पॅकेजवर चालते.

यातून तुझ्या लक्षात आलं असेल, लॉग पहिल्यापासून वाचायचा. 'डीमेसेज' चालवल्यावर शेवटच्या लाल ओळीकडे डोळे जातात. तिच्यावर विश्वास ठेवू नको. पहिली तक्रार शोध. ती बहुधा साध्या रंगात, पाच-पन्नास ओळी वर असते, आणि खालचं सगळं तिचे परिणाम असतात. कर्नेल कोसळून 'उप्स' आला तरी तेच. पहिला उप्स खरा, दुसऱ्या-तिसऱ्याच्या वेळी यंत्रणा आधीच बिघडलेली असते.

उप्स वाचणं ही शिकण्याची गोष्ट आहे, घाबरण्याची नाही. कोणत्या पत्त्यावर हात घातला ते वर असतं. पत्ता शून्याच्या जवळचा असेल, समजा हेक्समध्ये अठरा, तर समज की पॉइंटर रिकामा होता आणि तू त्या रचनेतल्या चोविसाव्या बाइटवरचं फील्ड मागत होतीस. फंक्शनचं नाव असतं, त्यापुढे अधिक चिन्ह देऊन त्या फंक्शनमध्ये किती आत घडलं ते, आणि तिरक्या रेघेनंतर फंक्शनची एकूण लांबी. कर्नेल डीबगच्या माहितीसह बांधलेलं असेल तर सोर्सच्या 'स्क्रिप्ट्स' डिरेक्टरीतलं 'डीकोड-स्टॅकट्रेस' तुला थेट फाइल आणि ओळ काढून देतं. तिथून पुढे अंदाजाचं काम उरत नाही. मशीन पूर्ण गोठत असेल आणि पडद्यावर काहीच टिकत नसेल, तर सिरीयल कन्सोल लाव. तो नसेल तर नेटकन्सोलनं लॉग शेजारच्या संगणकावर पाठव. तेही शक्य नसेल तर रॅमऊप्स रीबूटनंतरही शेवटच्या ओळी मेमरीत जपून ठेवतं.

कोडमध्ये दोष शोधण्याआधी मल्टीमीटर हातात घे. हे मी आपल्या भागातल्या प्रत्येकाला सांगते. शेताच्या फीडरला थ्री फेज पाळीनं येतो. तो आला की आसपासच्या मोटारी एकदम चालू होतात आणि त्या डीपीवरचा व्होल्टेज क्षणभर खाली बसतो. छोटा संगणक त्यातून तगतो, कारण त्याच्या ॲडॉप्टरमध्ये थोडा दम असतो. सेन्सरची चिप मात्र रीसेट होते आणि तिची सगळी रजिस्टर कारखान्यातल्या मूळ किमतींवर जातात. ड्रायव्हरला वाटतं, मी सुरुवातीला केलेली मांडणी कायम आहे. चिप दुसऱ्याच रेंजमध्ये मोजत असते. आकडा येतोच, पण खोटा. याला उपाय आहेत. एरर आल्यावर चिपचं ओळख-रजिस्टर आणि एखादं मांडणीचं रजिस्टर वाचून पाहा. ते मूळ किमतीवर गेलेलं असेल तर चिप रीसेट झाली. 'रेगमॅप' वापरत असशील तर रजिस्टरांच्या अलीकडच्या किमती त्याच्या कॅशमध्ये असतात. कॅश शिळी झाली असं कळव आणि पुन्हा सिंक कर, सगळी मांडणी तो स्वतः चिपमध्ये भरतो. रेगमॅप मार्क ब्राउन यांनी २०११ मध्ये कर्नेलमध्ये आणला, आणि माझ्या मते छोट्या चिपांच्या ड्रायव्हर-लेखकांवर त्याच्याएवढे उपकार दुसऱ्या कशानं केले नाहीत.

तारांचंही तसंच. आयटूसी एका सर्किट बोर्डावर चालण्यासाठी आहे. नेहमीच्या वेगांना बसवरची एकूण कपॅसिटन्स ४०० पिकोफॅरडपर्यंतच चालते, आणि विहिरीपासून घरापर्यंत ओढलेली तार ती केव्हाच ओलांडते. मग मधूनच बिट हरवतात आणि पोरं ड्रायव्हर बदलत बसतात. लांब जायचं असेल तर आरएस-४८५ घे, तो १,२०० मीटरपर्यंत जातो. दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर लाव, मधल्या फाट्यांना लावू नको. पावसाळ्याच्या तोंडाला आपल्याकडे विजा किती पडतात ते तुला ठाऊक आहे. शेतातून आलेली तार सरळ संगणकात न घालता आयसोलेटरमधून घाल.

आता ड्रायव्हरच्या आत जाऊ. 'प्रोब' म्हणजे उपकरण सापडल्यावर कर्नेल बोलावतो ते फंक्शन. त्यात तू एकामागून एक गोष्टी मागतेस: मेमरी, रेग्युलेटर, क्लॉक, जीपीआयओ, इंटरप्ट, आणि शेवटी वापरकर्त्याला दिसणारी नोंदणी. चौथी गोष्ट मिळाली नाही तर आधीच्या तिन्ही परत करायच्या, त्याही उलट क्रमानं. विहिरीत उतरणारा माणूस आधी वर यायचा दोर बांधतो, तशी ही परतीची वाट तू प्रोब लिहिण्याआधी ठरव. जुन्या ड्रायव्हरांत फंक्शनच्या तळाला 'गोटू'च्या खुणांची उतरंड दिसेल. कॉलेजात गोटू वाईट म्हणून शिकवतात. कर्नेलमध्ये या एका कामासाठी तो मान्य आहे आणि नीटनेटका दिसतो. २००७ पासून तेजुन हिओ यांनी आणलेली 'डेव्हएम' फंक्शनं आहेत. त्यांनी घेतलेली वस्तू प्रोब फसला किंवा उपकरण गेलं की आपोआप उलट क्रमानं परत होते. निम्मी डोकेदुखी त्यानं संपते.

निम्मीच म्हणते, कारण डेव्हएमचा एक सापळा आहे. समजा, एका प्रोग्रामनं तुझ्या उपकरणाची फाइल उघडून ठेवली आहे. तेवढ्यात कुणी यूएसबीची पिन ओढली. कर्नेल 'डिसकनेक्ट' बोलावतो, आणि डेव्हएमनं घेतलेली मेमरी परत जाते. पण प्रोग्रामच्या हातात फाइल अजून उघडीच आहे. तो वाचायला येतो आणि तुझा ड्रायव्हर परत गेलेल्या मेमरीवर हात ठेवतो. कधी उप्स येतो, कधी काहीच होत नाही, आणि कधी दुसऱ्याच कुणाची मेमरी बिघडते. ज्या रचनेला उघड्या फायलीतून कुणी हात लावू शकतं, तिला डेव्हएमवर सोडू नको. तिच्यावर 'केरेफ'नं वापरणाऱ्यांची मोजदाद ठेव. शेवटचा वापरणारा गेला की मगच मेमरी सोड. आणि 'उपकरण गेलं' ही खूण म्यूटेक्सखाली तपासून ईनोडेव्ह दे. कर्नेलच्या यूएसबी डिरेक्टरीत 'यूएसबी-स्केलेटन' नावाचा नमुना-ड्रायव्हर याच धड्यासाठी ठेवलेला आहे. त्याची नक्कल करून त्यावर स्वतःचं बांध.

हे तपासायला शंभर वेळा पिन ओढायची गरज नाही. सिसएफएसमध्ये प्रत्येक ड्रायव्हरच्या खाली 'बाइंड' आणि 'अनबाइंड' अशा दोन फायली असतात. एक लहानशी शेल स्क्रिप्ट लिही: अनबाइंड, बाइंड, अनबाइंड, बाइंड. शेजारी दुसऱ्या खिडकीत उपकरण सतत वाचत राहा. रात्रभर चालू दे. कर्नेलमध्ये फॉल्ट इंजेक्शनची सोयही आहे, ती मुद्दाम मधूनमधून मेमरी नाकारते. परतीची वाट जी एरवी कधीच चालवली जात नाही, ती अशी चालवून घ्यायची. ज्या ड्रायव्हरच्या लेखकानं हे केलेलं नाही त्याचा ड्रायव्हर मी पूर्ण झाला असं धरत नाही, मग तो कितीही सुंदर चालत असो.

प्रोबमध्ये आणखी एक कोड भेटेल, ईप्रोबडिफर. तुला लागणारा रेग्युलेटर किंवा क्लॉक अजून तयार नाही, नंतर ये, असा त्याचा अर्थ. ती चूक नव्हे. तो कोड निमूट वर पाठव, त्यावर लाल अक्षरांत आरडाओरडा करू नको. 'डेव्ह-एरर-प्रोब' हे फंक्शन ते भान आपोआप ठेवतं.

वाट पाहणाऱ्या प्रत्येक लूपला मुदत हवी. 'रेडी बिट चढेपर्यंत फिरत राहा' असं लिहिलंस आणि उपकरण निघून गेलं, तर तो कोअर कायमचा फिरत राहील. पीसीआयचं उपकरण निघून गेलं की प्रत्येक रजिस्टर वाचताना सगळे बिट एक येतात, त्यामुळे 'रेडी' बिट चढलेलाच दिसतो आणि ड्रायव्हर मोठ्या आनंदानं कचरा वाचतो. मुदतीसह वाट पाहणारी 'पोल-टाइमआउट' फंक्शनं तयार आहेत, ती वापर. सगळे एक आले तर शंका घे.

इंटरप्टच्या हँडलरमध्ये झोपायचं नाही. म्यूटेक्स घ्यायचा नाही, आयटूसीवर बोलायचं नाही, मेमरी मागायची झाली तर जीएफपी-कर्नेलऐवजी जीएफपी-ॲटॉमिक. आयटूसीच्या चिपचा इंटरप्ट असेल तर थ्रेडेड इंटरप्ट माग आणि झोपेची कामं थ्रेडमध्ये कर. इंटरप्टची तार सामायिक असेल तर आधी आपल्या चिपला विचार, 'तू बोलावलंस का?' नसेल बोलावलं तर तसं सांगून परत जा. प्रत्येक इंटरप्ट आपलाच म्हणून कबूल करणारा ड्रायव्हर शेजाऱ्याचं उपकरण बुडवतो.

हे सगळं लक्षात ठेवून कुणाचंच भागत नाही, म्हणून कर्नेलनं स्वतःचे पहारेकरी ठेवले आहेत. डीबगसाठी बांधलेल्या कर्नेलमध्ये लॉकडेप, केॲसॅन, केमेमलीक आणि ॲटॉमिक-स्लीपची तपासणी, हे चार चालू कर. लॉकडेप इंगो मोल्नार यांचं, २००६ पासून कर्नेलमध्ये आहे. दोन कुलपं एकदा अ-ब आणि एकदा ब-अ अशा क्रमानं घेतली गेली, की अडकण्याचा प्रसंग प्रत्यक्षात न येताही ते ओरडतं. केॲसॅन परत गेलेल्या मेमरीवर हात पडताच मेमरी कुणी घेतली, कुणी सोडली आणि नंतर कुणी वापरली, तिन्हींचा माग देतं. कर्नेल हळू चालतं, चालू दे. माझा अनुभव सांगते: यांनी दिलेली सूचना 'खोटी असेल' म्हणून बाजूला ठेवणाऱ्यांच्या ड्रायव्हरमध्ये ती नेहमी खरी निघाली.

छापून पाहणं, म्हणजे प्रिंटके, वाईट नाही. पण त्याची किंमत माहीत असू दे. १,१५,२०० बॉडच्या सिरीयल कन्सोलवर सेकंदाला सुमारे ११,५०० अक्षरं जातात, म्हणजे ऐंशी अक्षरांची एक ओळ जवळजवळ सात मिलिसेकंद खाते. एचएक्स७११च्या ६० मायक्रोसेकंदांच्या शंभरपट आणि वर! ठोक्याच्या मध्ये अशी ओळ टाकलीस तर तू शोधत असलेला दोष बाजूलाच राहील, नवीनच उभा राहील. उलटही होतं: ओळ टाकली की दोष नाहीसा होतो, कारण वेळेचं गणित बदलतं. अशा जागी 'ट्रेस-प्रिंटके' वापर, ते मेमरीतल्या रिंगमध्ये लिहितं आणि पटकन मोकळं होतं. कायमच्या ओळी 'डेव्ह-डीबग'नं लिही. त्या एरवी गप्प असतात आणि डायनॅमिक डीबगनं चालत्या यंत्रात हव्या त्या फाइलपुरत्या चालू करता येतात. कोणतं फंक्शन कुणी बोलावलं आणि किती वेळ लागला हे पाहायला स्टीव्हन रोस्टेट यांचं एफट्रेस आहे, कर्नेलमध्येच, २००८ पासून. मी कुठलाही अनोळखी ड्रायव्हर वाचायला घेतला, की आधी त्याचा फंक्शन-ग्राफ काढते. सोर्स वाचून जे कळायला दिवस जातो ते त्यात लवकर दिसतं.

डीबगरचा विषय निघाला म्हणून आपल्या मराठी मुलखातली एक गोष्ट. चालू कर्नेलला दुसऱ्या संगणकावरून थांबवून ओळ न् ओळ तपासता येते, ते केजीडीबीमुळे. कर्नेलमधल्या त्याच्या मुख्य फाइलच्या माथ्यावरची हक्काची नोंद वाच. तिथे २००३-२००४ समोर अमित एस. काळे हे नाव आहे आणि २००४-२००६ समोर लिनसिससॉफ्ट टेक्नॉलॉजीज. ही कंपनी पुण्याची. हे काम कितीतरी वर्षं मुख्य कर्नेलच्या बाहेर पॅच म्हणून जगवावं लागलं, कारण लिनस टोरवाल्ड्स यांना कर्नेलमध्ये डीबगर नको होता. डीबगर हाताशी असला की माणूस मुळाशी न जाता वरवरची डागडुजी करतो, असं त्यांचं मत. शेवटी २००८ मध्ये, २.६.२६ या आवृत्तीत, जेसन वेसल यांच्या देखरेखीखाली केजीडीबी आत आलं. माझं म्हणशील तर दोन्ही बाजूंत तथ्य आहे. यंत्र गोठलं आणि कोण कुठे अडकलंय ते पाहायचं असेल तर केजीडीबीसारखा सोबती नाही. पण जिथे वेळेचं गणित आहे तिथे तो उपयोगाचा नाही. एचएक्स७११च्या ठोक्यावर ब्रेकपॉइंट लावलास तर तू एंटर दाबेपर्यंत चिप झोपलेली असेल.

वाशीमला बसून हे करायचं तर डेटा आणि लाईट दोन्हींचा हिशेब लागतो. कर्नेलचा पूर्ण गिट-इतिहास काही जीबींचा असतो. सुरुवातीला शेवटची एक आवृत्ती तेवढी उथळ क्लोन कर. पुढे पूर्ण इतिहास मात्र आणावाच लागेल, कारण 'मागच्या आवृत्तीत चालत होतं' अशा दोषाला गिट-बायसेक्टशिवाय इलाज नाही. दहा हजार बदलांतून दोषी एक शोधायला त्याला सुमारे चौदा बांधण्या पुरतात. बांधणी छोटी ठेवायला 'लोकलमॉडकॉन्फिग' वापर. तुझ्या यंत्रात आत्ता चढलेली मॉड्यूलं तेवढीच बांधली जातात. नुसता ड्रायव्हर बदलला असेल तर तेवढंच मॉड्यूल बांध. प्रयोग क्यूईएमयूमध्ये कर, म्हणजे कर्नेल कोसळलं तरी तुझा लॅपटॉप उभा राहतो. आणि प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदल, काय बदललं ते वहीत लिही. लाईट गेली तर वही शाबूत राहते.

काम झालं की ते स्वतःकडे ठेवू नको. चेकपॅच चालव, गेट-मेंटेनर सांगेल त्या माणसांना साध्या मजकुराचा ईमेल गिट-सेंडईमेलनं पाठव. पॅचच्या वर्णनात काय केलं याहून का केलं ते लिही, कोणत्या यंत्रावर तपासलं तेही लिही. जुनी चूक दुरुस्त करत असशील तर ती कोणत्या बदलानं आली ते 'फिक्सेस' ओळीत सांग. उत्तराला आठवडा-दोन आठवडे लागतात, त्याआधी तगादा लावू नये. आलेलं उत्तर रोखठोक असेल. ते कोडबद्दल आहे. प्रत्येक मुद्द्याला त्याच्या खालीच उत्तर दे, आणि दुसऱ्या आवृत्तीत काय बदललं ते तीन डॅशच्या खाली नोंदव. लिनक्स फाउंडेशनचा कर्नेल मार्गदर्शनाचा उपक्रम शुआ खान चालवतात. तो घरबसल्या करता येतो आणि शिकणाऱ्यांसाठीच आहे, अर्ज कर. जुनं पुस्तक वाचायचं असेल तर कॉर्बेट, रुबिनी आणि क्रोआ-हार्टमन यांचं 'लिनक्स डिव्हाइस ड्रायव्हर्स', तिसरी आवृत्ती, २००५. ते मोफत मिळतं. त्यातली कितीतरी फंक्शनं आता बदलली आहेत, पण इंटरप्ट, कुलपं आणि मेमरी यांची समजूत त्यात जशी घातली आहे तशी नव्या पुस्तकांत मला क्वचितच दिसली.

तर आधी एचएक्स७११चा ड्रायव्हर वाच, मग रास्पबेरी पाय आणि एक लोडसेल जोडून तो चालव. ज्याचं वजन पक्कं माहीत आहे अशी वस्तू ठेवून आकडा तपास, आणि मोजणी चालू असताना मुद्दाम माहितीची तार काढ. ड्रायव्हर काय परत देतो ते लिहून ठेव. अडलीस तर मला लॉग पाठव: पहिल्या ओळीपासून, मजकूर म्हणून, पडद्याचा फोटो नको.